५/८ इंचाचे भोक : रानटी ब्लूबेरी शेतात कशी आली

१/
करवंदाच्या जाळीत हात घातलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. एकाच टेकडीवरच्या दोन जाळ्यांची करवंदे सारखी नसतात. एकीची टपोरी आणि गोड, तर चार पावलांवरच्या दुसरीची बारीक, आंबट, नुसती बियांनी भरलेली. चांगली जाळी कुठे आहे हे गुराखी पोरांना तोंडपाठ असते आणि ते सहसा कुणाला सांगत नाहीत. रानफळ शेतात येण्याचा इतिहास या तोंडपाठ ज्ञानापासूनच सुरू होतो. बहुतेक पिकांच्या बाबतीत हा इतिहास हजारो वर्षांपूर्वी घडून गेला आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही. गव्हाची टपोरी ओंबी प्रथम कुणी वेगळी काढून ठेवली, त्या माणसाचे नाव आज उरलेले नाही.

ब्लूबेरी हा अपवाद आहे. हे फळ जेमतेम शंभर वर्षांपूर्वी रानातून शेतात आले. कोणते झुडूप कुणी शोधले आणि त्याचे नाव कसे ठरले, याची नोंद उपलब्ध आहे. हा थ्रेड त्या निवडीविषयी आहे. त्याच वर्षांत, त्याच रानात माणसांचीही एक निवड चालू होती, तिच्याविषयीही आहे.

२/
स्थळ : अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याचा दक्षिण भाग, पाइन बॅरन्स. पाइनची विरळ राने, पांढरी वाळू, चहाच्या रंगाचे पाणी वाहणारे ओढे आणि दलदली. जमीन इतकी आम्लधर्मी की युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी तिथे नेहमीची पिके घेऊन पाहिली आणि हात टेकले. ‘बॅरन्स’ म्हणजे नापीक प्रदेश, हे नाव त्या वैतागातूनच आले. लेनापे या मूळ रहिवाशांना मात्र या रानात खाण्याजोगे पुष्कळ काही मिळत होते.

अठराव्या शतकात तिथल्या दलदलीतल्या लोहखनिजावर भट्ट्या चालल्या. पुढे पेन्सिल्व्हेनियातल्या कोळशापुढे आणि खनिजापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. भट्ट्या थंडावल्या, कामगारांची वस्ती मागे राहिली. लाकूडतोड, कोळसा पाडणे, दलदलीतले शेवाळ गोळा करणे, रानफळे वेचणे यांवर हे लोक जगत. बाहेरचे त्यांना ‘पायनी’ म्हणत. तो शब्द तेव्हा शिवीसारखाच वापरला जाई.

३/
याच रानात उंच वाढणारी ब्लूबेरी होती. माणसाच्या डोक्याएवढी किंवा त्याहून उंच झुडपे, जुलैत निळ्या फळांनी लगडलेली. झुडपागणिक फळ वेगळे. काहींची फळे वाटाण्याएवढी, काहींची त्याच्या दुप्पट. काही काळपट, काहींवर द्राक्षासारखा पांढरट लव. काही पाणचट, काही सुगंधी. काही जूनअखेर पिकणारी, काही ऑगस्टपर्यंत थांबणारी.

वेचणाऱ्याला मजुरी मापावर मिळे. मोठ्या फळांच्या झुडपापाशी डबा लवकर भरतो. साहजिकच कोणत्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर कोणते झुडूप आहे, हे लक्षात ठेवण्यावर पोट अवलंबून होते. पायनी कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या साठलेली एक न लिहिलेली सूची होती. तिची किंमत कुणी विचारली नव्हती, कारण ब्लूबेरीची लागवड होऊच शकत नाही, असा सार्वत्रिक समज होता. रानातून उपटून बागेत लावलेली झुडपे मरून जात.

४/
ती का मरतात, हा प्रश्न फ्रेडरिक कोव्हिल यांनी हाती घेतला. ते अमेरिकेच्या कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी डेथ व्हॅलीच्या वाळवंटातील वनस्पतींवर त्यांनी काम केले होते. १९०६ च्या सुमारास त्यांनी ब्लूबेरीवर प्रयोग सुरू केले. उत्तर शेतीच्या तत्कालीन शहाणपणाच्या अगदी उलट निघाले. भरपूर खत घातलेली, चुना देऊन ‘सुधारलेली’ बागेची माती हेच ब्लूबेरीचे विष होते. तिला आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, ओल धरून ठेवणारी पण निचरा होणारी जमीन लागते. आजच्या भाषेत, मातीचा सामू साधारण ४ ते ५ यांच्या दरम्यान. म्हणजे शेतकऱ्यांनी नापीक ठरवून सोडून दिलेली जमीन.

कोव्हिल यांना आणखी दोन गोष्टी आढळल्या. एका झुडपाच्या फुलांना त्याच झुडपाचे पराग दिले, तर फळ नीट धरत नाही. पराग दुसऱ्या झुडपाचे लागतात. आणि हिवाळाभर उबदार काचघरात जपलेली झुडपे वसंतात जागीच होत नाहीत; त्यांना थंडी सोसावी लागते. लाडाने बिघडणारे रोपटे, असे कुणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

५/
न्यू हॅम्पशायरमधल्या ग्रीनफील्ड या गावी कोव्हिल उन्हाळ्यात राहत. तिथल्या कुरणांत हिंडून १९०८ मध्ये त्यांनी एक झुडूप निवडले. त्याचे नाव ‘ब्रूक्स’. पुढल्या वर्षी बुटक्या जातीचे आणखी एक निवडले, ‘रसेल’. नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांचे प्रयोग सरकारी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. माती, रोप, पराग यांचे कोडे बरेचसे सुटले होते. उणीव होती ती चांगल्या झुडपांची. एकटा शास्त्रज्ञ सुट्टीत हिंडून किती रान पालथे घालणार?

६/
ती पुस्तिका १९११ मध्ये एलिझाबेथ व्हाइट यांच्या हाती पडली. जन्म १८७१, पाइन बॅरन्समधल्या क्रॅनबेरीच्या एका मोठ्या मळ्याच्या मालकाची थोरली मुलगी. वडील जोसेफ व्हाइट यांनी १८७० मध्ये क्रॅनबेरीच्या लागवडीवर पुस्तक लिहिले होते आणि मळ्याच्या कारभारात एलिझाबेथ स्वतः मुरलेल्या होत्या. क्रॅनबेरी पिकते शरद ऋतूत, ब्लूबेरी जुलैत. दोन्ही आम्लधर्मी जमिनीतली. मळ्यातल्या दलदलींच्या काठाची जमीन रिकामी पडलेली होती आणि त्याच काठावर रानटी ब्लूबेरी माजलेली होती. हिशेब सरळ होता. व्हाइट कुटुंबाने कोव्हिल यांना जमीन, मजूर आणि पैसा देऊ केला. त्यांनी होकार दिला.

७/
यानंतर एलिझाबेथ व्हाइट यांनी जे केले, त्यात या साऱ्या कथेचे मर्म आहे. त्या स्वतः झुडपे शोधायला निघाल्या नाहीत. ती कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना त्यांनी विचारले.

फळे वेचणाऱ्यांना त्यांनी एक मापपट्टी दिली. पट्टीला ५/८ इंचाचे, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरचे भोक. ज्या झुडपाची मोठी फळे त्या भोकातून खाली पडत नाहीत, तेच झुडूप विचारात घ्यायचे. सोबत चिठ्ठ्या आणि फळांचे नमुने टिकवून ठेवण्यासाठी औषधी द्रवाच्या बाटल्या. ज्याने झुडूप शोधले, त्याला त्याबद्दल पैसे; शिवाय ते दाखवायला रानात सोबत येण्याच्या वेळेचेही पैसे. पट्टी वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. फळ पडले की नाही, एवढेच पाहायचे होते.

आकार ही फक्त पहिली चाळणी होती. पुढे चव, सालीचा पोत, झुडपाचा जोम, थंडी सोसण्याची ताकद, पिकण्याचा काळ हे सगळे पाहिले जाई. नुसते मोठे फळ निवडून भागत नाही. आकाराने थोर आणि चवीने पाणचट फळे रानातही पुष्कळ असतात.

८/
व्हाइट यांनी शक्यतो प्रत्येक झुडपाला शोधणाऱ्याचे नाव दिले. जिम ॲडम्सने शोधले ते ‘ॲडम्स’. राल्फ हार्डिंगचे ‘हार्डिंग’. रसेल ग्रोव्हरचे ‘ग्रोव्हर’. ईझिकिएल सूयचे ‘सूय’. सॅम लेमनने झुडूप आणले तेव्हा अडचण झाली. ब्लूबेरीला ‘लिंबू’ कसे म्हणायचे? म्हणून ते ‘सॅम’ झाले.

चॅट्सवर्थ गावच्या रूब लीकच्या झुडपाची गोष्ट अधिक बोलकी आहे. कोव्हिल त्याला नुसते ‘रूब’ म्हणू लागले. अमेरिकन बोलीत ‘रूब’ म्हणजे गावंढळ. इतक्या खानदानी झुडपाला हे नाव व्हाइट यांना शोभेसे वाटेना. शेवटी कोव्हिल यांनीच तोड काढली. लीकमधला ‘ल’ रूबला जोडला आणि ‘रूबेल’ तयार झाले. एका अक्षराने झुडपाचा गावंढळपणा गेला. ज्याने ते शोधले, त्याचे नाव मात्र रूबच राहिले.

९/
झुडूप सापडले, म्हणजे काम झाले नाही. इथून पुढचा भाग सहसा एका ओळीत उरकला जातो. खरे तर शास्त्र म्हणावे ते इथेच आहे.

फळ मोठे का असते? झुडपाच्या वंशातच तो गुण असेल, किंवा ते ओढ्याच्या काठी, भर उन्हात, स्पर्धा नसलेल्या जागी उभे असेल. रानात पाहून हे सांगता येत नाही. ते तपासण्याचा एकच मार्ग : वेगवेगळ्या ठिकाणची झुडपे एकाच शेतात, एकाच मातीत, शेजारी शेजारी लावायची आणि वाट पाहायची.

बी पेरून हे साधत नाही. रायवळ आंब्याची कोय पेरली, तर झाड आईसारखे निघेलच असे नसते. हापूस टिकवायचा तर कलमच करावे लागते. ब्लूबेरी पराग दुसऱ्या झुडपाकडून घेते, त्यामुळे तिची बीजे तर आणखी बेभरवशाची. म्हणून निवडलेली झुडपे जमिनीलगत छाटली गेली, मुळांचे गड्डे फोडून वाटले गेले, फांद्यांची छाट कलमे लावली गेली. कलमे सहजासहजी मुळे धरत नव्हती. त्याच्या पद्धती शोधण्यातही काही वर्षे गेली.

मग सगळ्यांना समान जागा मिळाली तेव्हा बहुतेकांचे पितळ उघडे पडले. रानात डोळ्यांत भरलेली शेकडाभर झुडपे आली, टिकली मूठभर. रूबेल, हार्डिंग, सॅम, ग्रोव्हर, ॲडम्स अशी थोडी नावे लागवडीस लायक ठरली. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक या मळ्यातून बाजारात गेले. खरेदीदार ते घेऊ लागले आणि ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हते, तिला भाव आला.

१०/
आता त्याच रानातली दुसरी निवड.

एलिझाबेथ व्हाइट झुडपांच्या नोंदी ठेवत होत्या, त्याच सुमारास आणखी एक एलिझाबेथ वही घेऊन पायनींच्या घराघरांत जात होती. एलिझाबेथ काइट. ती व्हाइनलँड येथील मतिमंद मुलांच्या संस्थेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांची क्षेत्रसहायक. ती झुडपे नव्हे, कुटुंबे मोजत होती. कोण ‘मंदबुद्धी’, कोण दारुडा, कोण अनौरस, याची वंशावळ तयार करत होती.

११/
१९१२ मध्ये गोडार्ड यांनी ‘कॅलिकॅक’ या बनावट आडनावाच्या न्यू जर्सीतल्या एका घराण्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. स्वातंत्र्ययुद्धातल्या एका सैनिकाला खाणावळीतल्या एका ‘मंदबुद्धी’ मुलीपासून मूल झाले. पुढे त्याने एका प्रतिष्ठित स्त्रीशी लग्न केले. पहिल्या शाखेचे ४८० वंशज शोधले, त्यांत १४३ मंदबुद्धी. दुसऱ्या शाखेचे ४९६, आणि बहुतेक सगळे सद्गृहस्थ. निष्कर्ष : दारिद्र्य, गुन्हेगारी, मंदबुद्धी हे सारे रक्तातून उतरते.

पुस्तक तुफान खपले. १९१३ मध्ये काइट यांचा पायनींवरील लेख आला. त्याच वर्षी राज्याचे गव्हर्नर जेम्स फील्डर यांनी पाइन्सचा दौरा केला आणि या लोकांना इतर समाजापासून विलग करावे, अशी भूमिका मांडली. त्याआधी १९११ मध्ये, म्हणजे मापपट्ट्या रानात फिरू लागल्या त्याच वर्षी, राज्याने ‘मंदबुद्धी’ आणि काही गुन्हेगारांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. त्यावर सही होती तत्कालीन गव्हर्नर वुड्रो विल्सन यांची, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या. १९१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला.

१२/
दोन्ही निवडी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. ब्लूबेरीच्या झुडपाला संशयाचा फायदा मिळाला. बारीक फळ वंशामुळे की मातीमुळे, हे ठरवण्यासाठी त्याला समान जमीन दिली गेली. माणसांच्या बाबतीत ही पायरीच गाळली गेली. कॅलिकॅकांच्या दोन शाखा एका शेतात वाढल्या नव्हत्या. एकीकडे संपत्ती, शिक्षण आणि प्रतिष्ठा. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार. कित्येक मृत व्यक्तींची बुद्धी तर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवली गेली. काइट यांच्या वहीत मापपट्टीसुद्धा नव्हती. होती ती नजर आणि ऐकीव माहिती.

१९२८ मध्ये गोडार्ड यांनी आपल्या मतांतला बराचसा भाग मागे घेतला. पुढच्या संशोधनात तर त्या वंशावळीचा पायाच चुकीचा असल्याचे दिसून आले. तोवर उशीर झाला होता. पुस्तकाची जर्मन आवृत्ती १९३३ मध्ये पुन्हा छापली गेली. ते वर्ष कोणते होते, हे या थ्रेडच्या वाचकांना सांगायला नको.

१३/
यावरून व्हाइट यांना पायनींच्या तारणहार ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या मालक होत्या. १९१० मध्ये बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी छायाचित्रकार लुईस हाइन याच परिसरात आला होता. फिलाडेल्फियाहून आणलेल्या इटालियन कुटुंबांची लहान मुले क्रॅनबेरी वेचताना त्याने टिपली. त्या चित्रांखाली व्हाइट यांच्या मळ्याचे नाव आहे. समितीच्या आरोपांविरुद्ध व्हाइट यांनी पुढे काही वर्षे जाहीर झगडा केला. आरोपांत अतिशयोक्ती होती, असे त्यांचे म्हणणे. चित्रांतली मुले मात्र खरी आहेत.

झुडूप शोधणाऱ्याला पैसे मिळाले ते एकदाच. रूबेलच्या लाखो कलमांतून पुढे जे उत्पन्न झाले, त्यात रूब लीकचा वाटा नव्हता. त्या काळी तसा कायदाही नव्हता. अमेरिकेत वनस्पतींच्या वाणांना पेटंट मिळू लागले ते १९३० नंतर. तरीही एक गोष्ट उरते. काइट यांच्या वहीत पायनी हे नमुने होते. व्हाइट यांच्या वहीत ते जाणकार होते, नावानिशी.

१४/
झुडपांची कथा पुढे वेगाने सरकते. कोव्हिल यांनी १९११ मध्ये ब्रूक्स आणि रसेल यांचा संकर केला. मग ब्रूक्स आणि सूय यांचा. म्हणजे न्यू हॅम्पशायरच्या कुरणातले झुडूप आणि न्यू जर्सीच्या दलदलीतले झुडूप, जी निसर्गात कधीच भेटली नसती. त्यांतून ‘पायोनियर’ आणि ‘कॅथरिन’ हे वाण १९२० मध्ये बाहेर पडले. १९३७ मध्ये कोव्हिल वारले. त्यांच्या रोपांवर इतरांनी काम चालू ठेवले. १९५२ मध्ये आलेला ‘ब्लूक्रॉप’ पुढे जगभर पसरला.

पण या यशात एक खोट होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी उंच ब्लूबेरीच्या वाणांच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा बहुतेकांची मुळे पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या रानझुडपांपाशी जात होती : ब्रूक्स, सूय, रूबेल. एका अवाढव्य उद्योगाचे पूर्वज बोटांवर मोजण्याइतके. ५/८ इंचाच्या भोकाने बारीक फळांबरोबर आणखी काय काय गाळले, हे तेव्हा कुणाला कळणार होते? रोगप्रतिकार, दुष्काळ सोसण्याची ताकद, उष्ण हवेत फुलण्याचा गुण यांना त्या पट्टीवर माप नव्हते.

१५/
म्हणून पुन्हा रानात जावे लागले. फ्लोरिडात हिवाळा पुरेसा थंड नसतो. उत्तरेचे वाण तिथे नीट जागे होत नसत. तिथले संशोधक राल्फ शार्प यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला फ्लोरिडाच्याच रानातली एक बुटकी, सदाहरित, बारीक फळांची जात हाती घेतली आणि तिचा उंच ब्लूबेरीशी संकर घडवला. न्यू जर्सीच्या पट्टीवर हे झुडूप पहिल्याच चाळणीत बाद झाले असते. त्याच्या वंशातून कमी थंडीत फळणारे वाण तयार झाले. त्यामुळेच ब्लूबेरी पेरूच्या किनारी वाळवंटापर्यंत पोहोचली आणि आज पेरू हा तिचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या डबीत मिळणाऱ्या निळ्या फळांत त्या बारीक फळाचा अंश असण्याचा संभव बराच आहे.

(करवंदाच्या जाळ्याही कुणी तपासल्या का? होय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेला करवंदाचा वाण ‘कोकण बोल्ड’ आणि जांभळाचा ‘कोकण बहाडोली’. दुसऱ्या नावात पालघर जिल्ह्यातले बहाडोली हे जांभळांचे गाव आहे.)

१६/
एलिझाबेथ व्हाइट १९५४ मध्ये वारल्या. त्यांचा मळा आणि भोवतालची वस्ती आज न्यू जर्सीच्या एका राज्य वनक्षेत्रात जतन केलेली आहे. पहिल्या तुकडीतली बहुतेक झुडपे बाजारातून केव्हाच बाद झाली. हार्डिंग, ग्रोव्हर, सॅम ही नावे आता फक्त वंशावळीत भेटतात. रूबेल मात्र अजून लावले जाते. नव्या वाणांपुढे त्याची फळे लहान दिसतात, म्हणून ती सहसा ताजी न विकता प्रक्रियेसाठी जातात. संकर नाही, सुधारणा नाही. रूब लीकने दाखवलेले तेच एक झुडूप, छाट कलमांनी शंभर वर्षे पुढे चालत आलेले.